पाटे आधी मोकळे करा: जुन्या पिकअपच्या धक्क्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळवाही आटोपली, पेरणीला अवकाश आहे. जुनी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवून खालून बघायची वेळ हीच. या वेळचे सगळे प्रश्न त्याच कामाचे आहेत. पाटे म्हणजे धक्का झेलायला एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, आणि त्यांचा अख्खा संच म्हणजे कमान.

प्रश्न: आमच्याकडे १९७४ ची, जीपच्या चेसीवर हौदा बांधलेली पिकअप आहे. पुढे-मागे पाटेच. आता तीत २००-३०० किलोच्या वर माल नसतो, कधी तुरीचे कट्टे, कधी ढेप. रिकामी असली की भल्ली उडते. पांदणीतून नेली तर पोटातलं पाणी न हलणं सोडाच, आतडी जागेवर राहिली तरी पुष्कळ. मिस्त्री म्हणतो, मागच्या नऊपैकी दोन पाटे काढतो, गाडी मऊ होईल. काढू द्यावेत का?
— वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर: इतक्यात नको. आधी हिशेब बघा. नऊ पाटे सारख्या जाडीचे धरले तर दोन काढल्यावर कमानीचा कडकपणा साधारण २२ टक्क्यांनी कमी होतो. पण गाडी किती भरभर उडते हे कडकपणाच्या वर्गमुळावर ठरतं, म्हणून उडण्याचा वेग जेमतेम १२ टक्क्यांनी उतरेल. बदल्यात उरलेल्या सात पाट्यांवरचा ताण २८-२९ टक्क्यांनी वाढेल. सौदा तोट्याचा आहे.

पन्नास वर्षांच्या गाडीत खरा दोष बहुतेक वेळा दुसरा असतो. पाट्यापाट्यांमध्ये गंज धरतो, त्यात आपली काळी माती पावसाळ्यात शिरते आणि उन्हाळ्यात सुकून सिमेंटसारखी बसते. मग नऊ पाटे एकावर एक घसरत नाहीत, एकाच जाड लोखंडासारखे वागतात. लहान खड्ड्यावर कमान हलतच नाही. दबतो तो फक्त टायर, आणि धक्का थेट चेसीत. मोठ्या खड्ड्यात तीच कमान एकदम सुटते आणि गाडी उसळते.

हे घरी तपासता येतं. गाडी सपाट जागी रिकामी उभी करा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट सोडा. दोघांनी हौद्याची मागची बाजू दाबून अगदी हळू सोडायची आणि एक्सलपासून चेसीपर्यंतचं अंतर मोजायचं. मग दोघांनी उचलून तसंच हळू सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. मोकळी कमान दोन्ही वेळा जवळपास त्याच जागी येते. आमचा ठोकताळा असा: फरक १० मिमीच्या आत असेल तर पाटे ठीक आहेत, २० मिमीच्या वर गेला तर अडकलेत. अडकलेल्या कमानीतून पाटे कमी करणं म्हणजे रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

आता मोकळे करायचं काम. चेसीखाली घोड्या लावा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही. एक्सलचं वजन वेगळ्या जॅकवर घ्या. यू बोल्ट (कमान एक्सलला आवळणारे), मग शॅकल (कमानीचं एक टोक चेसीला जोडणारा झुलता दुवा), मग पुढच्या डोळ्याचा (पाट्याच्या टोकाच्या गोल वळीचा) बोल्ट, या क्रमाने कमान खाली उतरवा. जुन्या जीपमध्ये आट्याचे यू शॅकल असतात आणि काही जागी ते डाव्या आट्याचे निघतात. पाइप घालून जोर लावण्याआधी आटे कुठल्या दिशेचे आहेत ते बघा. कमानीची पुढची बाजू खडूने खूण करून ठेवा, कारण डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचं (सगळे पाटे मध्यभागी एकत्र धरणाऱ्या बोल्टपर्यंतचं) अंतर दोन्ही बाजूंना सारखं असेलच असं नाही.

सेंटर बोल्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी क्लँप आवळा. पाटे ताणात बांधलेले असतात. नट सुटताक्षणी उसळतात आणि हात तिथेच असतो. क्लँप हळूहळू सैल केले की पाटे वेगळे होतात. रात्रभर डिझेलमध्ये भिजू द्या, वायर ब्रश मारा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर.

इथे थोडं थांबून प्रत्येक पाटा उन्हात तिरपा धरून पाहा. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यावर जिथे टेकतं, तिथे नखाला लागेल अशी आडवी खाच पडलेली दिसेल. पाटा अडकतो तो याच खाचेत, आणि उद्या तुटणारही तिथूनच. खाच १ मिमीच्या आत असेल तर ग्राइंडरने पाट्याच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने गुळगुळीत करा. आडवा ग्राइंडर फिरवला तर त्याच्याच रेघा नव्या खाचा होतात. याहून खोल असेल, किंवा सेंटरच्या भोकाजवळ केसाएवढी भेग दिसली, तर तो पाटा बदला. खालच्या प्रत्येक पाट्याच्या टोकाची धार गोल करा.

बांधताना पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. मागच्या दोन्ही कमानींना मिळून पाव किलो पुरतं. जाड थर दिला तर माती ओढून घेतो. नायलॉनच्या किंवा एचडीपीईच्या (कडक प्लास्टिकच्या) २-३ मिमी जाड पट्ट्या मिळाल्या तर त्या अधिक चांगल्या. फक्त वरच्या तीन-चार पाट्यांच्या टोकांशी घातल्या तरी बराच फरक पडतो. मात्र यू बोल्टच्या दाबाखाली, म्हणजे मधल्या बैठकीत, पट्टीही नको आणि ग्रीसही नको. तिथे लोखंडावर लोखंड घट्ट बसलं पाहिजे.

सेंटर बोल्ट नवा, त्याच मापाचा आणि डोक्यावर ८.८ शिक्का असलेला. त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं आहे का पाहा, नाहीतर एक्सल तिरका बसतो आणि गाडी तिरकी चालते. पाट्यांना धरून ठेवणाऱ्या क्लिपा परत बसवायच्याच. त्या नसल्या तर चाक खाली लोंबकळताना सगळा भार एकट्या मेन (सगळ्यात वरच्या) पाट्यावर येतो. क्लिप इतकी आवळा की पातळ पुठ्ठा सरकेल. यू बोल्ट नेहमी नवे. जुने एकदा ताणले गेलेले असतात. गाडी चाकांवर उभी करून आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० नंतर आवळून घ्या. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही आणि पुढे सेंटर बोल्ट तुटला की पाट्याला दोष देतात.

हे सगळं करूनही गाडी रिकामी कडक वाटली तर एक पाटा काढा, खालून दुसरा किंवा तिसरा. मेन पाटा आणि त्याच्या डोळ्याला मिठी मारून बसलेला दुसरा पाटा यांना हात लावायचा नाही. मेन पाटा तुटला तर एक्सलला धरून ठेवणारा तो दुसराच असतो. लगतचे दोन पाटे काढले तर मध्ये मोठी पायरी पडते आणि वरचा पाटा त्या पायरीवर वाकून तुटतो. पाटा काढला की यू बोल्टचे आटे कमी पडतात, नट आटे संपेपर्यंत जातो आणि आवळल्यासारखा फक्त वाटतो. काढलेल्या पाट्याच्या जाडीची लोखंडी पट्टी बैठकीत घाला किंवा यू बोल्ट त्या मापाचे करून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे पाट्यांवर दर महिन्याला जळकं तेल ओततात. त्याने पाटे मोकळे राहतात ना?
— वाचक, दिग्रस

उत्तर: दोन दिवस आवाज जातो, एवढंच. तेल कडेने ओघळतं, पाट्यांच्या मधोमध पोचत नाही. धूळ चिकटते आणि त्याचा लेप होतो. डोळ्यात रबरी बुश असतील तर तेलाने ते फुगून मऊ पडतात. वाहून ब्रेक ड्रमच्या आत गेलं तर ब्रेक लायनर गेलेच. पाटे साफ करून ग्राफाइट लावलं की वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास चिखल वाळल्यावर, पाण्याच्या फवाऱ्याने धुवावेत आणि वाळल्यावर कडेने ग्राफाइट स्प्रे मारावा.

ग्रीस निपल असलेल्या पितळी बुशांची गोष्ट वेगळी. त्यांना ग्रीस लागतंच. पण गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस गन मारली तर पिन ज्या बाजूला दाबली गेली आहे तिथे ग्रीस जातच नाही, सैल बाजूने बाहेर येतं. चेसी उचलून कमानीवरचा भार काढा आणि दोन्ही कडांनी नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. बुश सुकलेला असला की शॅकल झोके घेत नाही, आणि शॅकल हलला नाही तर पाटा लांब होऊ शकत नाही. मग पाटे कितीही साफ केले तरी गाडी कडकच.

प्रश्न: धक्के बसतात म्हणून मागे नवे ‘हेवी ड्यूटी’ शॉकअप टाकले. आता पहिल्यापेक्षा जास्त बसतात, आणि सहा महिन्यांत एकाचा वरचा स्टड तुटला. शॉकअप खराब निघाले का?
— वाचक, चिखली (जि. बुलडाणा)

उत्तर: माप चुकलेलं दिसतं. शॉकअपचं काम वजन पेलायचं नाही, कमानीचं उसळणं थांबवायचं आहे. तो पूर्ण मिटला की लोखंडी दांडा होतो. मग धक्काही चेसीत जातो आणि स्टडही तुटतो.

माप असं घ्या. गाडी रिकामी, चाकांवर उभी. शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. समजा ३४० मिमी आलं. मग एक्सल आणि वरचा रबरी बंप स्टॉप (एक्सल चेसीवर आदळू न देणारा ठोकळा) यांतलं अंतर मोजा. समजा ८० मिमी. म्हणजे एक्सल बंप स्टॉपला टेकेल तेव्हा शॉकअप २६० मिमीवर आलेला असेल. बंप स्टॉपचं रबर स्वतः दबतं, त्यासाठी १५-२० मिमी सोडा. म्हणून मिटलेला शॉकअप २४०-२४५ मिमीहून लांब नको. तुम्ही २७० चा टाकला असेल तर बंप स्टॉपच्या आधीच तो टेकणार. तसंच चेसी उचलून एक्सल लोंबकळू द्या आणि पुन्हा मोजा. उघडलेला शॉकअप त्याहून १५-२० मिमी जास्त लांब हवा, नाहीतर खड्ड्यात आख्खा एक्सल त्याला लटकतो.

‘हेवी ड्यूटी’ हा शब्द दुकानातला आहे. कायम एक टन भरणाऱ्या गाडीसाठी बनवलेला शॉकअप २०० किलो नेणाऱ्या गाडीत जडच पडणार. मूळ मॉडेलचा साधा तेलाचा शॉकअप घ्या. कोनही पाहा: शॉकअप उभ्यापासून ३० अंश कललेला असेल तर त्याचा तीन-चतुर्थांश परिणाम उरतो, ४५ अंशांवर निम्मा. कुणी मध्येच वेल्डिंग करून ब्रॅकेट सरकवलेलं असेल तर आधी ते परत मूळ जागी न्या.

बसवण्याआधी नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण उघड-मीट करा. दुकानात आडवा पडून आत हवा शिरलेली असते. आणि रबरी बुशांचे बोल्ट, शॉकअपचे असोत की पाट्याच्या डोळ्याचे, गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. एक्सल लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की पिळलेलंच राहतं, स्प्रिंगसारखा विरोध करतं आणि काही महिन्यांत फाटतं. तुमची गाडी नव्या शॉकअपने जास्त कडक झाली त्यामागे हेही असू शकतं. नट सैल करून, गाडी दोन-तीनदा हलवून परत आवळा. पाच मिनिटांचं काम.

आर्णीच्या वाचकांनीही हे वाचावं. अडकलेल्या पाट्यांचं घर्षण इतकी वर्षं शॉकअपचं अर्धं काम करत होतं. पाटे मोकळे केल्यावर मेलेले शॉकअप तसेच ठेवले तर गाडी होडीसारखी डुलेल. दोन्ही कामं एकदमच करा.

प्रश्न: पंक्चरवाला चारही टायरमध्ये ५० पौंड हवा भरतो. ‘पिकअप आहे, कमी भरली तर टायर फुटेल’ म्हणतो. खरं का?
— वाचक, वरुड

उत्तर: टायरच्या बाजूवर छापलेला आकडा पूर्ण भाराचा असतो. संत्र्याच्या हंगामात क्रेट शिगोशीग भरलेले असतील तेव्हा त्याच्या जवळपास जावं लागेलही. पण रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरला तेवढी हवा म्हणजे लाकडी चाक. रस्त्यावरचा बारीक खडखडाट मारायचं काम टायरचंच असतं, पाट्यांचं नाही.

गाडीच्या पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच धरा. नसेल तर खडूची युक्ती करा. नेहमीचा भार भरून टायरच्या नक्षीवर आडवा जाड पट्टा ओढा आणि सरळ रस्त्यावर पाव किलोमीटर चालवा. खडू मधलाच पुसला गेला तर हवा जास्त आहे, दोन्ही कडांचाच गेला तर कमी. जास्त असेल तर ३-३ पौंडांनी उतरवत जा. पूर्ण रुंदीवर सारखा पुसला गेला की तिथे थांबा. रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि भरलेल्या गाडीचा वेगळा, दोन्ही फाळक्याच्या आतून रंगाने लिहून ठेवा. माल भरण्याआधी हवा वाढवायची, हे मात्र विसरायचं नाही. कमी हवेवर भार आणि वेग दोन्ही दिले की टायर तापून खरंच फुटतो. पंक्चरवाल्याची भीती तेवढ्यापुरती बरोबर आहे.

हवा सकाळी, गाडी न चालवता मोजा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की साधारण १ पौंड वाढतो. मेमधल्या पहाटेची हवा दुपारी ४५ अंशांत, तापलेल्या डांबरावर, सहज ४-५ पौंड जास्त दिसते. ती उतरवायची नसते.

नायलॉनऐवजी रेडियल टाकले तर बाजू जास्त लवचिक असल्याने बारीक धक्के नक्की कमी होतात. रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे आधी पाहा. एकाच एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल असं कधीही नको.

प्रश्न: पाटे बसले होते म्हणून कमान चढवून (पाट्यांचा बाक वाढवून) घेतली. गाडी दोन इंच उंच झाली, पण आता जास्त आदळते आणि स्टेअरिंग रस्ता धरत नाही.
— वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर: कमान जास्त चढली. शॅकल बघा: गाडी उभी असताना त्याचं कमानीकडचं टोक चेसीकडच्या टोकापेक्षा थोडं बाहेर, म्हणजे कमानीच्या मध्यापासून लांब गेलेलं हवं. चढवलेली कमान लांबीने आखूड होते आणि शॅकल आत ओढला जातो. काही गाड्यांत तो चेसीला टेकतो आणि मग कमान एका बाजूने जवळपास बंद पडते. आदळण्याचं कारण हे. पुढच्या एक्सलचा कोनही त्याने बदलतो. किंगपिनचा (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिचा) मागे कललेला कोन, म्हणजे कॅस्टर, कमी झाला की स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. एक्सलच्या बैठकीत २-३ अंशांची पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, पण तो दुसरा उपाय. पहिला, कमान मूळ उंचीवर आणा.

कमान चढवताना पाटा गॅसने तापवला असेल तर तो पाटा बाद समजा. तापवलेल्या पोलादाचं पाणी जातं, पाटा महिन्याभरात पुन्हा बसतो किंवा तुटतो. कमान थंडच, घणाने ठोकत चढवायची असते. पाट्यावर वेल्डिंग तर मुळीच नको.

प्रश्न: पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवून देतो असं एक गॅरेज सांगतं. कागदपत्रांची अडचण येईल का?
— वाचक, वणी

उत्तर: येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी निर्मात्याने दिलेल्या वर्णनाशी न जुळणारा बदल करता येत नाही. कॉइलसाठी चेसीवर ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, एक्सल धरायला वेगळे हात लागतात, आणि ते चुकले तर ब्रेक मारताना एक्सल फिरतो. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी (शुल्क २०,००० रुपये) करायची इच्छा असेल, तर ती मूळ रूपात असणं हीच अट आहे. पण व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला किंवा माल वाहायला वापरता येत नाही. वावरात राबणाऱ्या गाडीला ती नोंदणी घेऊ नका.

मऊपणाच हवा असेल तर मूळ मापाच्याच डोळ्यांची, पातळ पाट्यांची नवी कमान कमान-पाटेवाल्याकडून बांधून घ्या. कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: ८ मिमीच्या जागी ६ मिमीचा पाटा त्याच्या ४२ टक्केच कडक. पण पेलण्याची ताकदही ५६ टक्क्यांवर येते, म्हणून पाट्यांची संख्या भारानुसार ठरवावी लागते. तुम्ही जास्तीत जास्त किती किलो भरता ते खरं सांगा. तिथे लाजून कमी सांगितलं की कमान पहिल्याच हंगामात बसते.

प्रश्न: सीटवर जाड फोम टाकला, तरी पाठ दुखते.
— वाचक, पुसद

उत्तर: नुसता मऊ फोम खड्ड्यात पूर्ण दबतो आणि माणूस खालच्या पत्र्यावर आपटतो. खाली ५० मिमी घट्ट फोम (घनता ४० किंवा जास्त), वर २५ ते ४० मिमी मऊ. सीटखालची जुनी स्प्रिंग तुटली आहे का पाहा. सीट वर आल्याने डोकं टपाला लागत असेल तर खालचा थर तासा, वरचा नको. केबिनच्या माउंटखाली टायरचे तुकडे घातलेले असतील तर तेही काढा. टायरमधल्या नायलॉनच्या दोऱ्यांमुळे ते दबत नाहीत. त्याच जाडीचे, साधारण ६० शोअरचे (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रबरी पॅड घाला आणि नट रबर थोडं फुगेल इतकाच आवळा.